गांडूळखताच्या पेटीतले हे बाकीचे भाडेकरू कोण? (सोमवारच्या आत उत्तर हवं)

कुंडीवाली_मुलुंड
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गांडूळखताच्या दोन पेट्या आहेत. सात-आठ घरांचा ओला कचरा त्यात जातो: भाज्यांची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, देवाची फुलं. पाऊस लागल्यापासून यजमान कमी आणि पाहुणे जास्त अशी परिस्थिती आहे. काल सेक्रेटरींनी स्वतः झाकण उघडून पाहिलं आणि लगेच जाहीर केलं, "सोमवारी पेस्ट कंट्रोलवाला येतोय, वर गच्चीवरपण मारून घेऊ." तेव्हा सोमवारच्या आत मला या सगळ्यांची नावं आणि चारित्र्याचे दाखले हवे आहेत.

फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन करते. पहिल्या, मळकट करड्या, चपट्या, वळ्यावळ्यांच्या अळ्या. करंगळीच्या पेराएवढ्या असतील. सालांखाली ढिगाने आहेत आणि कान दिला तर चक्क वळवळीचा आवाज येतो. दुसरे, झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके, बोट नेलं की टुणकन उडतात. तिसरे, अगदी बारीक पांढरे जंत, सेंटीमीटरभर लांब. ही गांडुळांची पिल्लं असावीत असं मला वाटतंय, पण खात्री नाही. चौथे, लालसर तपकिरी, टाचणीच्या डोक्याहून लहान, हळूहळू चालणारे, आंब्याच्या सालीवर थरच्या थर. पाचवे म्हणजे किडे नाहीतच, पिवळट तपकिरी बारीक मणी आहेत, खतात विखुरलेले.

कोण चांगलं, कोण वाईट, कोणाला हाकलायचं?

पार्लेकर
पाचवे मणी म्हणजे साबुदाणा. आषाढी नुकतीच झालीये. कोणाची तरी खिचडी बिघडलेली दिसते.

माई_गिरगाव
अगं, आधी हातमोजे घाल. पावसाळ्यात गच्चीवर उंदीर-घुशी फिरतात, त्यांच्या मुतातून लेप्टो होतो. किड्यांची नावं नंतर.

रानवेडा_बोरिवली
माईंना अनुमोदन. आता नावांकडे वळू.

पहिल्या अळ्या जवळपास नक्की काळ्या सोल्जर माशीच्या, हर्मेशिया इल्युसेन्स. घरमाशीची अळी गुळगुळीत, पांढरट, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला तिरकी कापल्यासारखी असते. हिचं अंग चपटं, खरबरीत, वळ्या स्पष्ट आणि मोठी होईल तशी रंगाने गडद होत जाते. कोषात जायची वेळ आली की काळपट तपकिरी होते आणि खाणं सोडून कोरडी जागा शोधत पेटीबाहेर चढते. तुमच्या सेक्रेटरींना गच्चीच्या कठड्यावर चालताना दिसल्या असतील त्या याच.

मोठी माशी लांबून गांधीलमाशी वाटते, पण तिला नांगी नाही. पंखही दोनच, गांधीलमाशीला चार असतात. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या दिसतात. मोठी झाल्यावर ती जेमतेम आठवडाभर जगते आणि आपल्या अन्नाकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून स्वयंपाकघरात घोंगावणं, ताटावर बसणं हा प्रकार नाही. शिवाय जिथे या अळ्या भरपूर असतात तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते. हा मुद्दा सेक्रेटरींपुढे मांडाच.

बाकीच्यांसाठी एकच सवय लावून घ्या: पाय मोजा. सहा असतील तर कीटक किंवा त्याचा जवळचा भाऊबंद, आठ असतील तर कोळी-गोचिडीच्या घराण्यातला, चौदा असतील तर कवचधारी, त्याहून जास्त असतील तर गोम किंवा वाणी. तुमचा चौथा नंबर भिंगाखाली धरा आणि सांगा.

शंकासुर
सोल्जर माशीचं एवढं कौतुक चाललंय, पण मुळात पेटी गांडुळांची आहे ना? या अळ्या इतक्या वेगाने खातात की गांडुळांना उपाशी ठेवतात. वर ढिगाने एकत्र राहून जागा तापवतात. गांडुळांना ३० अंशांच्या वर त्रास सुरू होतो. मागे राहतं ते ओलं, चिकट काहीतरी. गांडूळखताचा भुसभुशीतपणा त्यात नाही. माझं मत, काढून टाका.

रानवेडा_बोरिवली
@शंकासुर, खाण्यात स्पर्धा आहे हे मान्य. पण त्या जिवंत, धडधाकट गांडुळांना खात नाहीत, आणि गांडुळं खालच्या थरात जाऊन त्यांचीच विष्ठा खातात. मुळात त्या आल्या कशाने ते पाहायला हवं. उघडं पडलेलं, सडायला लागलेलं अन्न नसेल तर माशी अंडी घालायला येतच नाही. कचरा पुरा, वर चार बोटं सुका पाला किंवा फाडलेला कागद घाला. आपोआप कमी होतील.

शंकासुर
चार बोटं सुका पाला, जुलैत, मुंबईत. कुठून आणायचा ते पण सांगा.

सायली_चेंबूर
हाहाहा. शंकासुरांचा मुद्दा बिनतोड. मी मार्च-एप्रिलमध्ये बदाम आणि पिंपळाचा पाला पोत्यांत भरून ठेवते. झाडूवाले मामा खाली ढीग करून ठेवतात, त्यांना सांगितलं की झालं. जमलं नसेल तर कोकोपीटची वीट घ्या. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घातले तरी ओलावा छान शोषला जातो.

दुसऱ्या नंबरवाल्यांना मी ओळखते, स्प्रिंगटेल! पोटाखाली दुमडलेली, टोकाला दुभंगलेली शेपूट असते. ती सटकन सोडली की उडतात. खात्री करायची असेल तर वाटीभर पाण्यात झटका. बुडत नाहीत, पाण्यावर तरंगत उड्या मारतात. बुरशी आणि कुजकं खातात, झाडाला काही करत नाहीत. माझ्या पेटीत कायम असतात, मी तर त्यांच्याकडे बघत बसते.

कुंडीवाली_मुलुंड
सायली, तरंगले! लेकाने टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी ती वाटी परत वापरायची नाही असं फर्मान काढलं.

चौथे मोजले. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग धरून मोजावे लागले. आठ पाय.

अ_ल्कली_अंधेरी
मग ते माइट. आठ पाय, गोल अंग, संथ चाल, गोड सालीवर गर्दी. ही पेटी फार ओली आणि आंबट झाल्याची खूण. तिसऱ्या नंबरचे पांढरे जंत पण तेच सांगतायत. ते पॉटवर्म, एन्किट्रिड. गांडुळाच्या पिल्लात लालसर छटा असते, आतली रक्ताची रेघ भिंगाशिवायही दिसते. पॉटवर्म मोठा झाला तरी पांढराच राहतो.

दोन्ही गांडुळांना मारत नाहीत. पण तुमच्या पेटीचं पीएच घसरलंय असं दोघंही ओरडून सांगतायत. आंब्याचा मोसम संपला की अर्धा प्रश्न मिटेल. बाकी लिंबं, अननस, संत्र्याची सालं बंद. अंड्याची टरफलं वाळवून, मिक्सरमध्ये पूड करून मूठभर पसरा. पानवाल्याचा चुना टाकू नका, तो तीव्र असतो, गांडुळं भाजतात.

माइट झटपट कमी करायचे असतील तर कलिंगड किंवा टरबुजाची साल रात्रभर वर उपडी ठेवा. सकाळी माइटसकट उचला आणि बादलीभर पाण्यात. पॉटवर्मसाठी दुधात भिजवलेला पावाचा तुकडा, तोच खेळ.

पार्लेकर
पावाला दूध, माइटला कलिंगड. मुलुंडमध्ये किड्यांची राहण्या-जेवण्याची सोय उत्तम दिसते. मागच्या विंगमध्ये एखादी खोली आहे का?

कुंडीवाली_मुलुंड
टरफलांचं अवघड आहे हो. आमच्या बिल्डिंगमध्ये कॉमन गच्चीवर अंड्याचं टरफल दिसलं तर थेट स्पेशल जनरल बॉडी लागेल.

सायली_चेंबूर
शेतीच्या दुकानात चुनखडीची पूड मिळते ती घे. शाकाहारी, पावतीसकट.

देवगडी
विषय निघालाच आहे तर माझी भर. आमच्याकडे शेणखताच्या खड्ड्यात सर्वांत डेंजर पाहुणा म्हणजे गेंड्या भुंग्याची अळी. अंगठ्याएवढी जाड, पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, डोकं तपकिरी, पुढे सहा पाय. खतात ती स्वतः काही नुकसान करत नाही, उलट खत बारीकच करते. पण मोठी झाली की भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो. मग झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. म्हणून आम्ही पावसाआधी खड्डा उलथा करून अळ्या वेचतो, कोंबड्यांना घालतो. हिरवी मेटारायझियम बुरशी खतात मिसळली तर ती अळ्यांना लागते, गांडुळांना नाही.

मुंबईत गच्चीवर माड नसेल, पण सोसायटीच्या आवारात असतातच. तेव्हा अशी जाड अळी दिसली तर सोडून देऊ नका.

निशिगंधा
@देवगडी, आमच्या कुंडीत तशीच अळी निघाली आणि मोगरा वाळला. तीच का?

देवगडी
नाही. जिवंत मुळं खाल्ली असतील तर हुमणी. दिसायला चुलत बहिणी. कुंडीतल्या मातीत निघाली तर हुमणीचा संशय घ्यायचा, निव्वळ शेणखतात निघाली तर गेंड्या भुंग्याचा. दोघींना कोंबडी सारखाच न्याय देते.

मी_मक्या
शिंगवाला भुंगा लहानपणी दोऱ्याला बांधून फिरवायचो. आता सांगितलं तर मुलं रागावतात.

वर्षा_दहिसर
आमच्या पेटीत करडे, अंडाकृती, पाठीवर खवले असलेले किडे आहेत. हात लावला की काही गोळी होऊन बसतात. पाय मोजले, रानवेडाकाका, चौदा!

रानवेडा_बोरिवली
काका?! असो. ते वुडलाउस. कीटक नव्हेत, कवचधारी. कोळंबी-खेकड्यांचे जमिनीवर आलेले नातेवाईक. अजूनही कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, म्हणून ओल सोडून राहू शकत नाहीत. जाड देठं, पुठ्ठा, लाकूड फोडायला मदतच करतात.

पार्लेकर
कोळंबीचे नातेवाईक म्हणजे श्रावणात पेटीत हात घालायचा नाही.

माई_गिरगाव
पार्लेकर, तुला श्रावणातच आठवतं का सगळं? आधी खिचडी, आता हे.

वर्षा_दहिसर
आणि तांबड्या, गोल गोल वळून पैशासारख्या होणाऱ्या? लेक त्यांना ट्रेन म्हणते.

रानवेडा_बोरिवली
वाणी. काही जण पैसाच म्हणतात. शरीराच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, चाल शांत, खाणं सडका पाला. त्रास दिला तर पिवळसर रस सोडतो, त्याने बोटांवर डाग पडतो आणि डोळ्याला हात लागला तर चुरचुरतं. गोमेला मात्र प्रत्येक वळीला एकच जोडी, चपटी, वेगवान, मांसाहारी. लहान गांडुळंही खाते, आणि चावते. ट्रेन स्लो असेल तर राहू दे, फास्ट असेल तर चिमट्याने बाहेर.

मुंग्यांनी_त्रस्त
एवढ्या यादीत मुंग्यांचं नाव नाही! माझी सगळी पेटी लाल मुंग्यांनी ताब्यात घेतली आहे.

अ_ल्कली_अंधेरी
तुमची पेटी कोरडी आहे. मूठभर खत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यायला हवा. तेवढा ओलावा ठेवला तर मुंग्या बिऱ्हाड हलवतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जुन्या काळी फडताळाचे ठेवायचे तसे.

सायली_चेंबूर
वाटीत दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाका आणि पाणी आठवड्याच्या आत बदला. नाहीतर डेंग्यूवाल्या एडिस डासांची पैदास होईल आणि पालिकेचे कीटकनाशक खात्याचे लोक गच्ची तपासायला येतात तेव्हा गांडुळांपेक्षा तुमच्या वाट्यांचाच पंचनामा करतील.

गोगलगाय_पोटात_पाय
नाव बघून कळलंच असेल काय विचारणार. भल्यामोठ्या, मुठीएवढ्या गोगलगायी. रात्री टॉर्च मारला तर पेटीवर, कुंड्यांवर, भिंतीवर. मीठ टाकू का?

देवगडी
पेटीत मीठ अजिबात नको, गांडुळं मरतील. ती आफ्रिकन महाकाय गोगलगाय. १८४७ साली कोलकात्यातल्या एका बागेत आणून सोडली म्हणतात, आता सगळीकडे पसरली. रात्री गोळा करायच्या, हातमोज्यांनीच, कारण त्यांच्यात मेंदूला सूज आणणारे कृमी असू शकतात. मग बादलीत साबणाचं किंवा मिठाचं कडक पाणी.

निशिगंधा
मला नाही जमत हे. मी त्या उचलून समोरच्या मैदानात सोडते.

शंकासुर
आणि मैदानाच्या पलीकडे कोण राहतं? मी.

अॅडमिन_बाग
विषय पेटीतल्या जीवांचा आहे. गोगलगायींचा वेगळा धागा आहे, तिकडे भांडा.

कुंडीवाली_मुलुंड
अॅडमिन, थांबा, नवीन पाहुणा आलाय आणि हा माझ्या डोक्यात गेलाय. आत्ता झाकण उघडलं तर एक लांब, चपटा, चिकट प्राणी. वीतभर तरी असेल. पाठीवर गडद रेघा, डोकं पसरट, फावड्यासारखं. एका गांडुळाला वेढून बसलाय. दुसऱ्या पेटीत आणखी एक वेगळाच, काळसर, चकचकीत, वीतभर, पण कोरडा आणि वळ्याच नाहीत. तो सळसळत खाली गेला. दोघंही एकच का?

रानवेडा_बोरिवली
अजिबात नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. नीट वाचा.

पहिला हॅमरहेड चपटकृमी, बायपेलियम. पावसाळ्यात मुंबईत ओल्या भिंतींवर, कुंड्यांखाली नेहमी दिसतो. तुमच्या सगळ्या यादीतला हाच एक जण गांडुळांचा खरा वैरी. वेढा घालतो, पोटाच्या बाजूला असलेलं तोंड बाहेर काढतो आणि गांडूळ जागच्या जागी विरघळवून पितो. याच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन सापडलंय, पफर माशातलं विष. म्हणून उघड्या हाताने नको. कापू नका. तुकड्यांचे नवे प्राणी होतात. काडीने उचलून मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात टाका, हे पाणी पेटीपासून लांब. मग पेटी उचलून खालची बाजू, बाजूच्या कुंड्यांचे तळ तपासा, दिवसा तिथेच दडतात.

दुसरा बहुधा वाळा, साप आहे. घाबरू नका. आधी दुरून खात्री करा: अंगावर बारीक चकचकीत खवले, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, डोकं-शेपूट सारखंच बोथट, आणि गांडुळासारखं आखडत-पसरत न जाता नागमोडी सरकतो. वाळा बिनविषारी, चावणं त्याला जमतच नाही. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. या जातीत नर नाहीच, सगळ्या माद्या. कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरला. त्याला राहू द्या, नाहीतर खाली झाडाखाली सोडा. पण खवले वेगळे वाटले, डोकं तिकोनी वाटलं तर हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा. नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

पार्लेकर
सेक्रेटरींना साप सांगू नका. सगळ्या माद्या आहेत हे तर मुळीच सांगू नका, महिला मंडळाची मीटिंग समजून बसतील.

माई_गिरगाव
पार्लेकर!

शंकासुर
आता जरा कामाचं. तो फवारा पेटीवर मारला तर बायपेलियम मरेल की नाही माहीत नाही, पण गांडुळं, स्प्रिंगटेल, वुडलाउस सगळे जातील. मग जे सडायचं ते तसंच सडणार आणि खऱ्या घरमाश्या येणार. आमच्या शेजारच्या सोसायटीत एका कंत्राटदाराने असंच मारलं, पुढे महिनाभर वास गच्चीवरून जिन्यात. शिवाय ते खत तुम्ही कढीपत्त्याला घालता, आणि कढीपत्ता फोडणीत. एवढं एकच वाक्य सांगा सेक्रेटरींना.

सायली_चेंबूर
शंकासुर आणि किड्यांची बाजू?! आज पाऊस जास्त पडणार.

शंकासुर
सोल्जर माशीवरचं मत बदललेलं नाही. नोंद असावी.

निशिगंधा
कायद्याचं काही सांगता येईल का? ओला कचरा सोसायटीनेच जिरवायचा असा नियम आहे ना?

अ_ल्कली_अंधेरी
पालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून सक्ती केली ती २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा होणाऱ्या संकुलांना. सात-आठ घरांची पेटी त्यात येत नाही. नियम दाखवून भांडण्यापेक्षा झाकणाला बारीक जाळी लावा आणि पेटी पाण्याच्या टाकीपासून दूर हलवा. सेक्रेटरींना बहुतेक वेळा अळी कठड्यावर दिसली नाही की पुरतं.

वर्षा_दहिसर
सगळं झालं, पण पाचवे मणी राहिलेच की! साबुदाण्यावर कोणी बोललंच नाही.

देवगडी
मणी दाबून पाहा. तीन-चार मिलिमीटर, एका टोकाला निमुळता, लिंबाच्या आकाराचा, आणि सहज फुटत नसेल तर तो गांडुळाचा कोकून. लाल गांडुळाच्या एका कोकूनमधून साधारण दोन-तीन पिल्लं येतात. नवा असताना पिवळा, पिल्लं बाहेर यायच्या सुमारास लालसर. फक्त कोणी कुंडीतलं जुनं मिश्रण पेटीत टाकलं नाही ना ते विचारा. सावकाश विरघळणाऱ्या रासायनिक खताच्या गोळ्या तशाच पिवळट दिसतात, पण त्या अगदी गोल असतात आणि दाबल्या की पाणी सुटतं.

कुंडीवाली_मुलुंड
निमुळते आहेत! फुटत नाहीत! दोन तर लालसर झालेत. म्हणजे पाचवा नंबर पाहुणा नव्हेच, घरचंच बाळंतपण.

चपटकृमीला मिठाच्या पाण्यात निरोप दिला, कुंड्यांखाली आणखी दोन निघाले. वाळा परत दिसला नाही, शोधतही नाहीये. सेक्रेटरींना कढीपत्त्याचं वाक्य सांगितलं, ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "जाळी लावा, आणि त्या मोठ्या अळ्या पुढच्या आठवड्यापर्यंत दिसता कामा नयेत." तेव्हा शंकासुर जिंकले असं समजा. आता या अळ्यांचं करू काय? फेकवत नाहीत.

वाडीवाला_बदलापूर
मला द्या. माझ्याकडे गावठी कोंबड्या आहेत. सुक्या वजनात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात त्यात, विकतच्या खाद्याला काय भाव आहे माहितीये ना. मुलुंड स्टेशनला घ्यायला येतो, रविवारी सकाळी.

कुंडीवाली_मुलुंड
चालेल, अकरानंतर नको, मेगाब्लॉक असतो. झाकणाचा डबा तुमचा तुम्ही आणा.

पार्लेकर
आणि परतीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसा. विंडो सीट नक्की मिळेल.